वेळ लावून दिलेले काम झाले, हे कशावरून?

आपल्या भागातील प्राथमिक शाळांतून संगणक येऊन आता बरीच वर्षे लोटली आहेत. विद्यार्थ्यांच्या नोंदी, निकालपत्रके, पोषण आहाराचे हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते असे नानाविध कागद संगणकावर उतरवून ठेवण्याचा उद्योग शिक्षकबंधू व भगिनी मोठ्या चिकाटीने करीत असतात. त्यांपैकी जे अधिक जाणकार आहेत, ते याच्या पुढची पायरी गाठतात. रोज अमुक वाजता या सर्व फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर अथवा दुसऱ्या हार्ड डिस्कवर आपोआप उतरावी, अशी आज्ञा ते संगणकास एकदाच देऊन ठेवतात. विंडोज प्रणालीत या सोयीस 'टास्क शेड्युलर' म्हणतात. युनिक्स व तिच्या वंशातील लिनक्स प्रणालीत हेच काम 'क्रॉन' नावाचा कार्यक्रम १९७० च्या दशकापासून करीत आला आहे. आज्ञा एकदा दिली की पुन्हा सांगावे लागत नाही, आठवण ठेवावी लागत नाही, ही या सोयीची थोरवी होय. परंतु तिच्यात एक मोठी खोट आहे. काम बंद पडले, तरी ते बंद पडल्याचे बहुधा कोणासच कळत नाही. कारण पाहू जाता ते बहुतेक वेळा क्षुल्लक असते. एखादी खूण करावयाची राहिली, एखादे अक्षर बदलले, एवढेच. प्रस्तुत लेखात या मूक अपयशाचा थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

अपयशाचेही दोन प्रकार असतात. शाळेची घंटा वेळेवर झाली नाही, तर ते अपयश लपत नाही. मधल्या सुट्टीची घंटा दोन मिनिटे लांबली, तरी पहिलीच्या वर्गातूनसुद्धा तक्रार येते. मूर्तिजापूर ते यवतमाळ या अरुंद मापाच्या लोहमार्गावर कारंजा हे एक स्थानक. या मार्गावर धावणाऱ्या गाडीस लोक प्रेमाने 'शकुंतला' म्हणत, आणि १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढीत असे. गाडी रेंगाळली, तर फलाटावर बसलेले उतारू चौकशी करीत, आणि न आलेल्या गाडीची बातमी आलेल्या गाडीच्या आधी गावात पोहोचे. हे बोलके अपयश झाले. मध्यरात्री दोन वाजता संगणकाने करावयाच्या कामाची वाट पाहत मात्र कोणीही फलाटावर बसलेले नसते. ती गाडी आली नाही, तरी सकाळी सर्व काही जसेच्या तसे दिसते.

अशा मुक्या अपयशाची एक जुनी आख्यायिका आपल्याच महाराष्ट्राशी जोडलेल्या एका थोर गणितज्ञाच्या नावावर सांगितली जाते. भास्कराचार्यांचा जन्म १११४ मधील, आणि त्यांचा 'लीलावती' हा ग्रंथ ११५० मधील. चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, विद्यापीठ चालविल्याचा शिलालेख आहे, व तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रथम उजेडात आणला, हे पुष्कळांस ठाऊक असेल. फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती'चे फारसी भाषांतर केले, त्यात ही कथा येते. मुलीच्या विवाहाचा एकच शुभ क्षण गणिताने निघाला होता. तो चुकू नये म्हणून घटिकापात्र मांडले. घटिकापात्र म्हणजे तळाशी बारीक छिद्र असलेली वाटी. ती पाण्यावर सोडली की भरत भरत २४ मिनिटांनी बुडते, आणि एक घटिका झाल्याचे कळते. वधू कुतूहलाने वाकून पाहू लागली, तोच तिच्या अलंकारातील एक मोती वाटीत पडला व छिद्रावर जाऊन बसला. पाणी आत येणे थांबले. वाटी तरंगतच राहिली, मंडळी वाट पाहतच राहिली, आणि मुहूर्त टळून गेला.

ही कथा इतिहास म्हणून कोणी घेऊ नये. परंतु प्रस्तुत विषय समजावून देण्यास तिच्यासारखे दुसरे उदाहरण नाही. वाटी फुटली असती, पाणी सांडले असते, तर कोणीतरी ओरडले असते. येथे काहीच झाले नाही. वाटी शांतपणे तरंगत होती, आणि तरंगणारी वाटी पाहून प्रत्येकाने एकच अर्थ काढला, की अजून वेळ झालेली नाही. संगणकाच्या बाबतीत आपण याहून वेगळे काही करीत नाही. तक्रार आली नाही, यास्तव काम होत आहे, असे आपण धरून चालतो.

मग संगणक तक्रार का करीत नाही? याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. आपण समोर बसून एखादा कार्यक्रम चालविला आणि तो चुकला, तर पडद्यावर तसा मजकूर उमटतो. ठरवून दिलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कार्यक्रमापुढे मनुष्य नसतो, आणि बहुधा पडदाही नसतो. त्याची तक्रार एखाद्या नोंद-फाइलीत अथवा कोणीही न उघडणाऱ्या टपालपेटीत जाऊन पडते. याहून सूक्ष्म प्रकार असा, की काम सुरूच होत नाही. अमुक अट पुरी झाली तरच काम सुरू करावे, असे सेटिंगमध्ये लिहिलेले असते. अट पुरी होत नाही, म्हणून संगणक काम सुरू करीत नाही. आणि आपण आज्ञेप्रमाणेच वागलो या समजुतीने गप्प बसतो. त्याच्या दृष्टीने चूक घडलेलीच नसते, मग त्याने सांगावे तरी काय?

एका शाळेची कल्पना

येथवरचे विवेचन कोरडे वाटेल, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. कारंजा तालुक्यातील एक जुनी शाळा समजा. तिच्यात स्वातंत्र्यापूर्वीपासूनच्या दाखल-खारीज नोंदवह्या आहेत. या वह्यांचे महत्त्व शिक्षकांस वेगळे सांगावयास नको. जात पडताळणीच्या कामी अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक धरले जातात, आणि त्या त्या दिनांकापूर्वीचा पुरावा म्हणून आजोबा-पणजोबांच्या नावाची शाळेतील एखादी ओळ पुष्कळदा कामी येते. ज्या घरात दुसरा कोणताही जुना कागद नाही, त्या घराची सारी भिस्त या एका ओळीवर असते. नातवाचा वैद्यकीय अथवा अभियांत्रिकीचा प्रवेश तिच्यावर अडून राहतो. आणि वही तर वाळवीने पोखरलेली, पावसाळ्यात ओल धरलेली, कडांनी झडू लागलेली.

शाळेतील एका उत्साही शिक्षकाने उन्हाळ्याच्या सुट्टीत खपून त्या वह्यांच्या पानापानाची छायाचित्रे घेतली, ती संगणकावर नीट लावली, आणि रोज रात्री दोन वाजता त्यांची प्रत पेनड्राइव्हवर उतरावी, अशी व्यवस्था करून ठेवली. त्याने एकदा हाताने ती व्यवस्था चालवून पाहिली. प्रत उतरली. सर्वांस समाधान वाटले. पुढे त्याची बदली झाली. तीन वर्षांनी संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली, तेव्हा पेनड्राइव्ह उघडला, तर त्यात केवळ पहिल्या दिवशीची, म्हणजे निम्मे काम झाले होते तेव्हाची प्रत निघाली.

असे कशाने घडू शकेल, ते आता पाहू. पहिले कारण इतके साधे आहे, की ते सांगताना संकोच वाटतो. शाळेचा संगणक सायंकाळी पाच वाजता बंद होतो. रात्री दोन वाजता तो झोपलेला असतो. चुकलेले काम पुढे संधी मिळताच करावे, अशी एक खूण टास्क शेड्युलरच्या 'सेटिंग्ज' या पानावर आहे. परंतु नवीन काम नोंदविताना ती खूण मुळात केलेली नसते, आपण ती करावी लागते. ती न केल्यास रात्री दोनचे काम रोज चुकते आणि रोज विसरले जाते. रात्रीची वेळ मोठ्या कार्यालयांच्या पाठातून आलेली आहे. तेथील यंत्रे अहोरात्र चालू असतात. शाळेने दुपारच्या सुट्टीनंतरची वेळ धरावी, हे उत्तम.

दुसरे कारण विजेचे. 'कंडिशन्स' या पानावर, संगणक विजेच्या जोडणीवर असेल तरच काम सुरू करावे, अशी अट असते, आणि ही खूण मात्र आधीपासून केलेलीच असते. बॅटरी वाचावी हा तिचा हेतू. परंतु शाळेत लॅपटॉप असेल, आणि ठरल्या वेळी त्या गावाचे भारनियमन चालू असेल, तर लॅपटॉप बॅटरीवर उत्तम चालत असतो, शिक्षक त्यावर काम करीत असतात, आणि प्रत उतरविण्याचे काम मात्र निमूटपणे टळते. अट घालणाऱ्याच्या मनात आपल्याकडील उन्हाळ्याचे वेळापत्रक नव्हते, एवढेच म्हणावे.

तिसरे कारण पेनड्राइव्हचे. विंडोज प्रणाली प्रत्येक जोडलेल्या साधनास एक अक्षर देते. आज पेनड्राइव्हला 'ई' मिळाले, आणि आज्ञेतही 'ई' असे लिहिले गेले. उद्या दुसरा एखादा पेनड्राइव्ह आधी लावला, तर आपल्यास 'एफ' मिळते. आज्ञा 'ई'कडेच प्रत पाठवीत राहते. तेथे काही नसेल तर काम चुकते. तेथे परक्याचा पेनड्राइव्ह असेल, तर आपल्या नोंदवह्या त्याच्याबरोबर गावोगाव हिंडतात!

चौथे कारण परवलीच्या शब्दाचे. कोणीही संगणकावर बसलेले नसले तरी काम चालावे, असे ठरविल्यास टास्क शेड्युलर त्या वापरकर्त्याचा परवलीचा शब्द आपल्याजवळ जपून ठेवतो. मुख्याध्यापक बदलले, नव्यांनी सुरक्षिततेच्या दृष्टीने शब्द बदलला, हे योग्यच झाले. पण शेड्युलरजवळ जुनाच शब्द राहिला. त्या दिवसापासून त्यास दार उघडत नाही. शब्द बदलणारास या कामाची वार्ता नसते, आणि काम लावून देणारा दुसऱ्या गावी गेलेला असतो. बदली हा आपल्या नोकरीचा धर्मच असल्यामुळे हे कारण विशेष ध्यानात ठेवावे.

दिनांकाच्या लेखनाने होणारा घोटाळा याहून गमतीचा आहे. प्रत्येक दिवसाच्या प्रतीस त्या दिवसाचे नाव द्यावे, म्हणून आज्ञेत संगणकाकडून दिनांक घेतलेला असतो. भारतीय पद्धतीच्या सेटिंगमध्ये दिवस, महिना व वर्ष यांच्यामध्ये आडवी रेघ येते, आणि फाइलीच्या नावात आडवी रेघ चालते. संगणक दुरुस्तीस जाऊन येतो, विंडोज नव्याने बसविले जाते, प्रदेश 'अमेरिका' असा राहून जातो, आणि दिनांकात तिरकी रेघ येऊ लागते. तिरकी रेघ फाइलीच्या नावात चालत नाही. प्रत उतरत नाही. दुरुस्तीचे काम मनाजोगे झाले म्हणून आपण कारागिराचे आभार मानून मोकळे झालेलो असतो.

त्याच दुरुस्तीत कालविभागही अमेरिकेचा राहून जाण्याचा संभव असतो. अशा वेळी घड्याळ चुकीचे दिसते, म्हणून आपण कालविभाग न बदलता काटेच पुढे सरकवितो. इंटरनेट लागताच संगणक आपली वेळ जुळवून घेतो, व काटे पुन्हा मागे जातात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने सायंकाळी चारला लावलेले काम आपल्याकडे पहाटे साडेचार अथवा साडेपाचला येते, जेव्हा शाळेस कुलूप असते. मोठ्या संगणक केंद्रांतील यंत्रे तर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, जी आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते. एका ठिकाणी दोन वेळा नांदल्या म्हणजे काय गोंधळ होतो, याचा अनुभव महाराष्ट्रास नवा नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबई शहरात जवळजवळ अर्धशतक ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई वेळही चालूच होती. तेथील नागरिकांस निदान विचारावे तरी लागे, की ही कोणती वेळ? संगणक तसे विचारीत नाही.

आणखीही काही कारणे आहेत. संगणकाच्या आतील नाण्याएवढा सेल संपला, की वीज जाताच त्याचा दिनांक कित्येक वर्षे मागे जातो, आणि पुढील वर्षापासून सुरू व्हावयाचे काम म्हणून तो ते बाजूस ठेवतो. दरमहा ३१ तारखेस करावयाचे काम फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर व नोव्हेंबर या पाच महिन्यांत होतच नाही. महिन्याचा अखेरचा दिवस हवा असल्यास तसाच पर्याय निवडावा लागतो. लिनक्स वापरणाऱ्या मोजक्या शाळांसाठी एवढेच सांगतो, की क्रॉनच्या आज्ञेत शेकडा-चिन्ह आले तर तेथे ओळ तुटल्याचे समजले जाते. आणि कित्येक लिनक्स प्रणालींत दैनिक कामांच्या संचयिकेतील फाइलीच्या नावात टिंब असल्यास ती फाइल वगळली जाते.

काम सुरू होऊन फसणे, आणि तरीही यशस्वी म्हणून नोंदले जाणे, हा सर्वांत फसवा प्रकार होय. टास्क शेड्युलरमध्ये 'लास्ट रन रिझल्ट' नावाचा एक स्तंभ असतो. तेथे शून्य आले म्हणजे काम नीट झाले, असे समजतात. वस्तुतः त्या शून्याचा अर्थ एवढाच, की आज्ञांच्या यादीतील अखेरची पायरी सुखरूप पार पडली. प्रत उतरविण्याची आज्ञा फसली, व तिच्या खालची 'दिनांक लिही' ही आज्ञा साधली, तरीही तेथे शून्यच दिसते. उलटपक्षी 'रोबोकॉपी' हा प्रत काढणारा विंडोजचा कार्यक्रम नव्या फाइली व्यवस्थित उतरविल्या म्हणजे १ हा अंक देतो, आणि ८ व त्यापुढील अंक तेवढे अपयशाचे मानतो. तेव्हा केवळ त्या स्तंभावर विसंबून राहू नये. कामाचा दैनंदिन इतिहास दाखविणारे 'हिस्टरी' हे पानही बहुधा सुरुवातीस बंद असते. ते आपण उघडून ठेवावे लागते.

मोठ्यांच्या घरची गोष्ट

या चुका लहान शाळेत, अपुऱ्या माहितीच्या माणसाकडूनच होतात, असे कोणी समजू नये. गिटलॅब ही संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या लोकांस आपले लिखाण सुरक्षित ठेवण्याची जागा पुरविणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याने बिघाड दुरुस्त करीत असता, दुय्यम यंत्रावरील माहिती पुसावयाची ती चुकून मुख्य यंत्रावरील पुसली. एक-दोन क्षणांत चूक ध्यानात आली, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट एवढीच माहिती उरली होती. दर २४ तासांनी प्रत काढण्याची व्यवस्था होतीच, म्हणून प्रतींची कोठडी उघडली, तो ती रिकामी. माहितीचे कोठार ९.६ या आवृत्तीचे होते, आणि प्रत काढणारा कार्यक्रम सेटिंगमधील एका उणिवेमुळे ९.२ या आवृत्तीचा चालविला जात होता. आवृत्त्या जुळत नाहीत म्हणून तो रोज थांबत होता.

आता यापुढील भाग अधिक मननीय आहे. काम फसल्यास संबंधितांस पत्र जावे, अशीही तजवीज तेथे केलेली होती. परंतु त्या पत्रांवर पाठविणाऱ्याची ओळख पटविणारी खूण नसल्यामुळे स्वीकारणाऱ्या यंत्रणेने ती नाकारली. म्हणजे काम मुके झाले होते, आणि त्याच्यावर नेमलेला पहारेकरीही मुका झाला होता. त्या दिवशी सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी एका अभियंत्याने हाताने एक प्रत काढून ठेवली होती, तिने कंपनीस तारले. तरीही सुमारे सहा तासांतील नोंदी, त्यांत सुमारे ५,००० प्रकल्प व ७०० वापरकर्त्यांची खाती, गेली ती गेलीच. कंपनीने हा सर्व वृत्तांत न लपविता स्वतः प्रसिद्ध केला, म्हणून तो आज आपल्यास वाचावयास मिळतो. अपयश आले तर सांगावे, एवढी व्यवस्था पुरी पडत नाही, हे त्यावरून दिसते.

हजेरीची रीत

मग कोणती व्यवस्था पुरी पडेल? गंमत अशी, की तिचे उत्तर प्रत्येक शिक्षकाच्या टेबलावर रोज उघडलेले असते. हजेरी घेताना आपण, 'जे आले नसतील त्यांनी हात वर करा,' असे म्हणत नाही. प्रत्येक नाव पुकारतो, आणि 'हजर' असा आवाज आला तरच खूण करतो. आवाज आला नाही, तर मूल गैरहजर. मौनाचा अर्थ गैरहजेरी, हा नियम पहिलीच्या मुलासही पाठ असतो. संगणकाच्या कामांस आपण नेमका याच्या उलट नियम लावून ठेवला आहे. तेथे मौनाचा अर्थ आपण हजेरी असा करतो. तो तेवढा बदलावा.

याची प्रत्यक्ष रीत अशी. आज्ञांच्या यादीत प्रत उतरविण्याची पायरी झाल्यावर, उतरलेल्या फाइली मोजण्याची एक पायरी घालावी. आणि मोजणी मूळच्या संख्येशी जुळली तरच एका साध्या मजकूर-फाइलीत दिनांक, वेळ व संख्या यांची एक ओळ लिहिली जावी. जुळली नाही, तर काहीच लिहू नये. ही फाइल म्हणजे त्या कामाचे हजेरीपत्रक. दर सोमवारी परिपाठ झाल्यावर ते उघडून मागील आठवड्याच्या ओळी पाहाव्या, आणि शाळेच्या एका वहीत, 'अखेरची प्रत अमुक दिनांकाची, फाइली इतक्या', एवढे शाईने लिहून सही करावी. दोन मिनिटांचे काम आहे. बदली होताना कार्यभाराच्या यादीत या वहीचा उल्लेख करावा, म्हणजे येणारास निदान असे काही काम लावून दिलेले आहे एवढे तरी कळेल. ज्यांस आज्ञावलीची खटपट जमणार नाही, त्यांनी पेनड्राइव्ह उघडून सर्वांत नव्या फाइलीचा दिनांक तेवढा पाहावा. त्यानेही पुष्कळ काम भागते.

परंतु संख्या जुळली, दिनांक आजचा आहे, म्हणजे प्रत वाचता येते असे नव्हे. मूळ फाइलच बिघडली असेल, तर बिघडलेल्याची प्रत बिघडलेलीच उतरते, आणि कालची चांगली प्रत तिच्याखाली दडपली जाते. म्हणून निदान काही दिवसांच्या वेगवेगळ्या प्रती राखाव्या, आणि महिन्यातून एकदा त्यांतील कोणतेही एक पान उघडून मूळ वहीशी ताडून पाहावे.

या बाबतीत कारंजा गावाकडे पाहण्यासारखे आहे. येथील जैन मंदिरांतील ग्रंथभांडारे विद्वानांत प्रसिद्ध आहेत. दहाव्या शतकातील पुष्पदंत कवीचे 'जसहरचरिउ' हे अपभ्रंश काव्य डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिले, व ते कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनीही या भांडारांतील पोथ्यांवर मोठे काम केले. इतक्या शतकांपूर्वीची रचना विसाव्या शतकात छापावयास हाती लागते, ती केवळ कपाटाच्या कृपेने नव्हे. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमी पाळतात. त्या दिवशी शास्त्रग्रंथ बाहेर काढावयाचे, झाडावयाचे, त्यांची पूजा करावयाची, आणि नव्या वेष्टनात बांधून पुन्हा ठेवावयाचे, अशी रीत आहे. हेही वेळ लावून दिलेले कामच होय. पण ते माणसांच्या डोळ्यांदेखत व हातांनी होते. पोथीस कसर लागली असेल, पान गळाले असेल, तर ते त्या दिवशी उघडकीस येते, आणि दुसरी प्रत करावयास वेळ राहतो. एखाद्या वर्षी पोथ्या बाहेर निघाल्या नाहीत, तर तेही साऱ्या समाजास दिसते. आपल्या नोंदवह्यांच्या छायाचित्रांसाठी असाच एक दिवस शाळेने ठरवावा. शाळा सुरू होण्याच्या सुमाराचा जून महिना त्यास सोयीचा आहे.

आणखी एक परीक्षा मुद्दाम करून पाहण्यासारखी आहे. एखाद्या दिवशी पेनड्राइव्ह काढून ठेवावा, आणि हजेरीपत्रकात ओळ येते की काय ते पाहावे. पेनड्राइव्ह नसतानाही ओळ आली, तर ते हजेरीपत्रक खोटे आहे. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांसमोर हा प्रयोग केला, तर विज्ञानाच्या तासाचे सार्थक होईल, असे माझे मत आहे. यंत्र बरोबर चालते हे दाखविणारे प्रयोग पुस्तकात पुष्कळ असतात.

जाता जाता भ्रमणध्वनीविषयी. शाळेच्या व पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतील सूचना, शाळेतील कार्यक्रमांची छायाचित्रे, कित्येकदा नोंदवह्यांच्या पानांची छायाचित्रेसुद्धा, शिक्षकाच्या फोनमध्येच असतात, आणि त्यांची प्रत रात्री आपोआप गुगलकडे जाते असा समज असतो. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲप व गुगल फोटोज या दोहोंतही, प्रत वाय-फाय असेल तरच पाठवावी, अशी सेटिंग सामान्यतः आधीपासून असते. ज्या गावात वाय-फाय नाही, आणि सारे काम मोबाइल डेटावरच चालते, तेथे ही अट वर्षानुवर्षे पुरी होत नाही. मोबाइल डेटा वापरण्याची परवानगी त्या सेटिंगमध्ये आपण द्यावी, अथवा तालुक्याच्या ठिकाणी बैठकीस गेल्यावर तेथील वाय-फायवर हाताने प्रत पाठवावी. गुगलकडील विनामूल्य जागा १५ गिगाबाइट असून १ जून २०२१ पासून नवी छायाचित्रेही तीत मोजली जातात, हेही ध्यानात असावे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'चॅट्स' व त्याखाली 'चॅट बॅकअप' असे पान आहे. तेथे अखेरची प्रत कोणत्या दिवशी गेली तो दिनांक लिहिलेला असतो.